सर, आपल्या पोरांना डेटा सेंटरचं काम शिकवा

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील आयटीआय व तंत्रनिकेतनांचे प्राचार्य आणि शिक्षक

सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यातला. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, मग थेट दुसऱ्या वर्षात डिप्लोमा, आणि आज नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये, म्हणजे माहिती साठवणारे मोठे संगणक (सर्व्हर) रात्रंदिवस चालतात अशा इमारतीत, विजेच्या बाजूची शिफ्ट सांभाळतो. हे पत्र तुम्हा सगळ्यांना एकत्र लिहितोय, कारण मला जे सांगायचंय ते एका संस्थेपुरतं नाही. आपल्या भागातल्या पोरांच्या हातात जे कौशल्य आधीच आहे, त्याला आज ज्या उद्योगात मोठी मागणी आहे, तिथं पोचायची वाट त्यांना कुणी दाखवत नाही. ती वाट तुमच्या वर्कशॉपमधून जाते.

डेटा सेंटर म्हटलं की गावाकडे लोकांच्या डोळ्यांपुढे संगणकासमोर बसलेली माणसं येतात. 'ते आयटीवाल्यांचं काम, आपल्या पोराला काय कळणार' असं पालक म्हणतात. वाईट याचं वाटतं की काही शिक्षकही तेच म्हणतात. प्रत्यक्षात त्या इमारतीत सर्व्हर ज्याचे असतात ते ग्राहक बहुतेक वेळा दुसऱ्याच शहरात बसलेले असतात. इमारतीत चोवीस तास हजर असतो तो आमच्यासारखा माणूस. सबस्टेशन बघणारा, यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणारी यंत्रणा) आणि बॅटऱ्या बघणारा, डिझेल जनरेटर बघणारा, चिलर (थंडाव्यासाठी पाणी गार करणारं यंत्र) बघणारा, केबल ओढणारा आणि फायबर जोडणारा. सर्व्हरला दोनच गोष्टी हव्या असतात, अखंड वीज आणि अखंड थंडावा. त्या पुरवण्याचं काम इलेक्ट्रिशियन, वायरमन, डिझेल मेकॅनिक, रेफ्रिजरेशन-एसी मेकॅनिक आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक यांचं आहे. हे सगळे ट्रेड तुमच्याकडे आहेत.

ऐरोली, रबाळे, महापे, दिघा या पट्ट्यात आणि पनवेलच्या बाजूला गेल्या काही वर्षांत ज्या बिनखिडक्यांच्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या बऱ्याच याच कामाच्या. देशातल्या एकूण डेटा सेंटर क्षमतेचा जवळपास निम्मा वाटा मुंबई आणि नवी मुंबईत आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार तिथं आहेत, आणि विजेचा पुरवठा तुलनेनं भरवशाचा आहे. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पेमेंटच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवायची असा आदेश दिला, त्यानंतर डेटा सेंटर उभारण्याचा वेग वाढला. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डेटा सेंटरला पायाभूत सुविधेचा दर्जा मिळाला. राज्याच्या २०२३ च्या आयटी धोरणात त्यांच्यासाठी सवलती आल्या. जानेवारी २०२५ मध्ये एकट्या ॲमेझॉन वेब सर्व्हिसेसनं महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा केली.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, म्हणजे कुणी भाबड्या अपेक्षा ठेवणार नाही. गुंतवणुकीच्या मानानं या उद्योगात माणसं कमी लागतात. हजारो कोटींची इमारत चालवायला काही शे माणसं पुरतात. साखर कारखाना किंवा सूतगिरणी जशी अख्ख्या तालुक्याला काम देते, तसं इथं होत नाही. पण जी माणसं लागतात ती तयार मिळत नाहीत. अपटाइम इन्स्टिट्यूट ही या क्षेत्रातली जगभर मानली जाणारी संस्था. तिच्या २०२१ च्या अंदाजात जगभरातली मनुष्यबळाची गरज २०१९ मधल्या सुमारे २० लाखांवरून २०२५ पर्यंत जवळपास २३ लाखांवर जाईल असं म्हटलं होतं. आमच्याकडे चांगला शिफ्ट टेक्निशियन सोडून गेला तर त्याच्या जागी माणूस मिळायला महिनोन्‌महिने लागतात. बांधकाम आणि चाचणीच्या टप्प्यावर तर इलेक्ट्रिकल कंत्राटदार पोरं शोधत फिरतात.

डेटा सेंटर खानदेशात येईल याची वाट मात्र बघू नका. आपल्याकडचं ऊन, पाण्याची ओढाताण आणि ग्राहकांपासूनचं अंतर पाहता मोठी सेंटरं इतक्यात इकडे येतील असं मला वाटत नाही. पण आपली माणसं काम असेल तिकडे जातातच की. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये निम्मा खानदेश भरलेला आहे. चाकणच्या कंपन्यांमध्ये आपली पोरं आहेत. मग ऐरोली तर रात्रीच्या एका गाडीच्या अंतरावर आहे.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच चालतात, ६६० चा नवा संच उभा राहिला. भुसावळला रेल्वेचं इलेक्ट्रिक लोको शेड आहे, लोको वर्कशॉप आहे. साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आहेत. जळगावच्या एमआयडीसीत पाइप आणि चटयांचे कारखाने रात्रंदिवस चालतात. ब्रेकर, रिले, ट्रान्सफॉर्मर हे शब्द आपल्या घराघरांतल्या जेवणाच्या ताटावर बोलले जातात. माझ्याबरोबर काम करणारा एक पोरगा दीपनगरच्या कॉलनीत वाढला. रिले (बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारं उपकरण) का पडला असेल हे तो पॅनेल उघडायच्या आधी सांगतो. त्याला हे कुणी वर्गात शिकवलेलं नाही, वडिलांच्या तोंडून ऐकून आलंय.

थंडाव्याचंही तसंच. सावदा, फैजपूर, रावेर भागातली केळीची रायपनिंग चेंबरं, म्हणजे केळी पिकवायच्या खोल्या, घ्या. तापमान सोळा ते अठरा अंशांच्या आसपास राखायचं, आर्द्रता सांभाळायची, इथिलिन मोजून सोडायचं, कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा, खोक्यांच्या थप्प्यांमधून हवा सगळीकडे सारखी फिरते का ते बघायचं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना आणि मधेच लाइट गेलेली असताना हे करायचं. जो पोरगा हे करतो, त्याला डेटा हॉलमधलं कोल्ड आयल आणि हॉट आयल, म्हणजे थंड आणि गरम हवेच्या गल्ल्या, समजायला अर्धा दिवस लागतो. तिथंही हवेचाच खेळ आहे. रॅकच्या, म्हणजे सर्व्हरच्या कपाटाच्या, पुढून थंड हवा आत, मागून गरम हवा बाहेर, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायच्या नाहीत. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. १९ जुलै २०२२ ला लंडनमध्ये पारा ४० अंशांवर गेला आणि गूगल व ओरॅकल यांच्या तिथल्या डेटा सेंटरमधली शीतकरण यंत्रणा कोलमडली. ४० अंश म्हणजे आपल्याकडे एप्रिलचा साधा दिवस! उन्हाळ्यात यंत्र कसं जगवायचं हे आपल्या पोरांना ठाऊक आहे, फक्त ते चिलरच्या भाषेत मांडायला त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून रेफ्रिजरेशन-एसीच्या ट्रेडकडे 'फ्रीज दुरुस्ती' म्हणून बघणं आता थांबवायला हवं. एआयच्या यंत्रांमुळे हे काम आणखी अवघड होत चाललंय. पूर्वी एका रॅकला पाच-दहा किलोवॅट वीज लागायची. एआयच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या जीबी २०० वर्गातल्या पूर्ण भरलेल्या एका रॅकला सुमारे १२० किलोवॅट लागते. म्हणजे विहिरीवरच्या ५ एचपीच्या बत्तीस मोटारी एका कपाटात चालू आहेत असं समजा. एवढी उष्णता नुसत्या हवेनं निघत नाही, थेट चिपपर्यंत द्रव न्यावा लागतो. त्यात पाइपिंग आलं, पंप आले, गळती शोधणं आलं, पाण्याची शुद्धता राखणं आलं. फिटर ट्रेडच्या पोरांनाही इथं जागा आहे.

आता आमच्या कामाचं मर्म सांगतो, कारण अभ्यासक्रमात नेमकं तेच नाही.

रात्री दोनचा राऊंड. हातात लॉगशीट किंवा टॅब. ट्रान्सफॉर्मर यार्डात ऑइल आणि वाइंडिंगचं तापमान वाचायचं, ब्रीदरमधली सिलिका जेल निळी आहे की ओलाव्यानं गुलाबी झाली ते बघायचं. एचटी (उच्च दाबाच्या) पॅनेलवर करंट आणि व्होल्टेज. जनरेटर बंद उभा असला तरी त्याच्यापाशी थांबायचं: डे टँकमध्ये डिझेल किती, स्टार्टिंग बॅटरीचा चार्जर किती व्होल्ट दाखवतोय, जॅकेट वॉटर हीटरनं इंजिन कोमट ठेवलंय का. कारण वीज गेली की काही सेकंदांत त्याला उठायचंय आणि तो उठेपर्यंतचा मधला वेळ फक्त बॅटऱ्यांच्या जिवावर काढायचा आहे. मग बॅटरी रूम. तिथं २५ अंश का ठेवतात हे प्रत्येक पोराला माहीत हवं. त्याच्यावर आठ-दहा अंश तापमान सतत राहिलं तर लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. मग चिलर. पाणी किती अंशांनी जातंय, किती अंशांनी परत येतंय, मागच्या राऊंडपेक्षा फरक किती. आकडा लिहिला म्हणून काम झालं असं नसतं. मागच्या आकड्यापेक्षा तो वेगळा का आला हे विचारणारा पोरगा आम्हाला हवा असतो.

या धंद्यात टियर-३ (चार दर्जांपैकी तिसऱ्या) दर्जाच्या सेंटरसाठी ९९.९८२ टक्के वेळ सेवा चालू हा आकडा रूढ आहे. त्याचा हिशेब केला तर वर्षाला जेमतेम दीड तासाच्या वर खंड चालत नाही. टियर-४ ला तर २६ मिनिटं. त्यामुळे इथं कुठलंही काम 'करून बघू' म्हणून होत नाही. ब्रेकर उघडायचा असेल तर आधी कामाची लेखी पद्धत, तिला आम्ही एमओपी म्हणतो, ती मंजूर होते. मग वर्क परमिट. मग कुलूप आणि टॅग, म्हणजे काम चालू असताना कुणी चुकून वीज सुरू करू नये. एक जण पायरी मोठ्यानं वाचतो, दुसरा करतो, पहिला सही करतो, मग पुढची पायरी. जगभरात सेंटरं बंद पडली त्यांतल्या बऱ्याच घटनांमागे पायरी चुकवणारा किंवा पद्धत धाब्यावर बसवणारा माणूस सापडतो, हे अपटाइम इन्स्टिट्यूटही वर्षानुवर्षं सांगत आलीय. आपल्या पोरांचे हात चांगले आहेत, धाडस भरपूर आहे. चालू लाइनवर चढणाऱ्याला गावात शाबासकी मिळते. आमच्याकडे त्याच पोराला त्याच दिवशी गेटबाहेर काढतात, आणि बरोबरच करतात. १५ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियात एका डेटा सेंटरच्या लिथियम बॅटऱ्यांना आग लागली आणि तिथल्या काकाओ कंपनीची मेसेज सेवा देशभर ठप्प झाली. लिथियमच्या बॅटऱ्या आता आपल्याकडेही येताहेत. त्यांची आग कशी वेगळी असते हे आयटीआयमध्येच शिकवलं गेलं पाहिजे.

आता तुमच्याकडे मागणं.

नवी इमारत, नवा कोर्स, इंग्रजी नावाचा फलक यांपैकी काहीही आधी नको. तुमच्या संस्थेत आज यूपीएस आहे, बॅटरी बँक आहे, बहुतेक ठिकाणी जनरेटर आहे, संगणक कक्षात एसी आणि नेटवर्कचं एक कपाट आहे. हे सगळं मिळून एक छोटं डेटा सेंटरच आहे. त्याची देखभाल एएमसीवाल्याकडून (वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराकडून) काढून पूर्ण पोरांच्या हाती द्या असं मी म्हणत नाही, पण एएमसीवाला येईल तेव्हा पोरं त्याच्या शेजारी उभी पाहिजेत, आणि रोजच्या नोंदी पोरांनीच ठेवल्या पाहिजेत. मी पाहिलेल्या एका संस्थेत, तिचं नाव घेत नाही, जनरेटर ताडपत्रीखाली झाकलेला होता, बॅटरी उतरलेली, आणि दोन वर्षं शिकून बाहेर पडणाऱ्या पोरांनी तो एकदाही सुरू झालेला पाहिला नव्हता. त्याच पोरांना मग मुलाखतीत विचारतात, व्हीसीबी (उच्च दाबाचा मोठा ब्रेकर) रॅक-इन, रॅक-आउट केलाय का, म्हणजे पॅनेलमध्ये बसवून, बाहेर काढून पाहिलाय का? पोरगा खाली मान घालतो. यात त्याची काय चूक?

वर्षातून एक आठवडा चारही ट्रेड एकत्र आणा. इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, एसी मेकॅनिक, इलेक्ट्रॉनिक्स. आज ही पोरं एकाच आवारात वर्ष-दोन वर्षं काढतात आणि एकमेकांचं वर्कशॉप बघत नाहीत. आमच्या शिफ्टमध्ये ती एकाच टेबलावर बसतात. त्या आठवड्यात तीन पाळ्या लावा, दर दोन तासांनी नोंद, पाळी बदलताना लेखी हँडओव्हर. मधेच मुद्दाम मेन बंद करा आणि घड्याळ लावा. किती सेकंदांत जनरेटर आला, यूपीएसनं किती वेळ धरलं, कुठला एसी आपोआप परत सुरू झाला नाही. नवं सेंटर ग्राहकाच्या ताब्यात देण्याआधी आम्ही हेच करतो. सर्व्हरच्या जागी हीटरसारखे लोड बँक लावतो, पूर्ण भार देतो आणि मग वीज तोडतो. आपल्याकडे तर महावितरण अधूनमधून ही परीक्षा आपणहून घेतं. त्या वेळी वैतागण्याऐवजी नोंदवही उघडा.

लिहिण्याचा सराव हा माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा. आमच्याकडे येणारी गावाकडची पोरं कामात मागे पडत नाहीत, लिहिण्यात पडतात. 'काय झालं, किती वाजता, कुणी काय केलं, आता काय स्थिती आहे' एवढं चार ओळींत सांगता आलं पाहिजे. आधी मराठीत लिहून घ्या. विचार मराठीत सरळ लागला की साध्या इंग्रजीत तो उतरवायला वेळ लागत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या मुलांना मराठीही घराबाहेरच शिकावी लागलेली असते, त्यांच्याबाबत तर जरा जास्त वेळ द्या. अशी दोन पोरं माझ्या ओळखीची आहेत. सहा महिने सलग लॉगशीट भरल्यावर त्यांचे रिपोर्ट इंजिनिअरच्या रिपोर्टांच्या तोडीचे झाले.

अप्रेंटिसशिपबद्दल कंपन्यांना पत्रं लिहा, आणि कायदा हातात धरून लिहा. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. या आकड्यात कंत्राटी माणसंही धरतात. कुणावर उपकार मागायचे नाहीत, त्यांच्या जबाबदारीची आठवण करून द्यायची आहे. एका संस्थेच्या पत्राला उत्तर येणार नाही कदाचित. तीन जिल्ह्यांनी मिळून लिहिलं तर येईल.

प्लेसमेंटच्या बाबतीत मात्र जरा कडक व्हा. या उद्योगात बरीचशी माणसं फॅसिलिटी मॅनेजमेंटच्या, म्हणजे इमारतीची देखभाल सांभाळणाऱ्या, एजन्सीमार्फत घेतात. एजन्सी असणं वाईट नाही, मीही तिथूनच सुरुवात केली. पण 'डेटा सेंटर टेक्निशियन' म्हणून नेलेल्या पोरांना गेटवर रजिस्टर भरायला बसवलेलं मी पाहिलंय. नेमणूकपत्रावर मालक कोण, काम काय, पीएफ आणि ईएसआयसी आहे का, प्रशिक्षण कोण देणार, हे वाचल्याशिवाय पोरगा गाडीत बसवू नका. 'नोकरीची हमी' देऊन चाळीस-पन्नास हजार फी घेणाऱ्या क्लासपासूनही त्याला सांभाळा. केळीच्या एका हंगामात बापाच्या हाती उरतात ते पैसे असे जायला नकोत. सुरुवातीला शिकायचंच असेल तर श्नायडर इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांचे ऑनलाइन धडे फुकट आहेत.

पुढची शिडीही त्यांना पहिल्या वर्षातच सांगा. दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, डिप्लोमानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. वायरमन आणि सुपरवायझरचा परवाना वेळेवर काढून ठेवला तर एचटीच्या कामात त्या कागदाला मोल आहे. टेक्निशियन, मग शिफ्ट इंजिनिअर, मग फॅसिलिटी मॅनेजर ही चढण आयटीआयवाला चढतो, मी स्वतः तिच्या मधल्या पायऱ्यांवर उभा आहे. पण वाटेत शिक्षण थांबलं की तो टेक्निशियन म्हणूनच राहतो.

मुलींना या कामातून आधीच वगळू नका. रात्रपाळीचा प्रश्न पालक काढतील, तेव्हा त्यांना सांगा की २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि संमती दिली तर सुरक्षेची व प्रवासाची जबाबदारी मालकावर असते. बीएमएसच्या (इमारतीतली यंत्रं बघणाऱ्या संगणक प्रणालीच्या) पडद्यावर अख्ख्या इमारतीवर नजर ठेवणाऱ्या, फायबर जोडणाऱ्या, बॅटरीच्या चाचण्या घेणाऱ्या मुली आमच्याकडे आहेत. खानदेशातली मात्र अजून एकही भेटली नाही.

राहण्याचं म्हणाल तर ऐरोली-घणसोलीत खोलीचं भाडं एकट्याला झेपत नाही, पोरं चार-पाच मिळून राहतात. पहिले तीन महिने कठीण जातात, बारा तासांची पाळी लागली तर जास्तच. हे आधी सांगून पाठवलेला पोरगा टिकतो. न सांगता पाठवलेला दिवाळीला घरी गेला की परत येत नाही.

येत्या ऑगस्टपासून नवी बॅच येईल. त्याआधी आपल्या तिन्ही जिल्ह्यांतल्या प्राचार्यांनी एकदा एकत्र बसावं, जळगावला किंवा धुळ्याला, कुठंही. आम्ही या पट्ट्यात काम करणारी खानदेशची काही मंडळी सुट्टी टाकून येऊ. कोरी लॉगशीट, एमओपीचा नमुना, हँडओव्हरचा नमुना घेऊन येऊ, आणि तुमचा जनरेटर, तुमची यूपीएस बघून त्यावरच आठवडाभराचं वेळापत्रक तुमच्याबरोबर बसून तयार करू. प्रवासखर्च आमचा. तुम्ही फक्त तारीख कळवा आणि त्या दिवशी वर्कशॉपच्या चाव्या जवळ ठेवा.

आपला,
यावल तालुक्यातला एक माजी विद्यार्थी
(मुक्काम ऐरोली, नवी मुंबई)